बागेतल्या तळ्यातल्या गोगलगाई

नर्सरीतून कमळाचा कंद किंवा वॉटर लिलीचं रोप आणलं की गोगलगाय बहुतेक वेळा सोबत येतेच. पान उलटून पाहा. खाली चिकटलेला, शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक गोळा दिसेल. त्यात कितीतरी अंडी असतात. ती आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात. काही महिन्यांनी तळ्याच्या भिंतीवर तपकिरी ठिपके पसरले की माणूस घाबरतो आणि मोरचूद आणायला निघतो.

मोरचूद टाकू नका. त्यातलं तांबं गोगलगाय मारतं हे खरं, पण माशांच्या कल्ल्यांनाही ते घातक आहे. शिवाय मेलेल्या शेकडो गोगलगाई तळाशी कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो, प्राणवायू कमी होतो आणि उरलेसुरले मासेही जातात. तांबं मात्र गाळात तसंच राहतं.

आपल्याकडे तळ्यात नेहमी दिसणाऱ्या दोन जाती म्हणजे जिलबीसारखा सपाट वेढ्यांचा शंख असलेली इंडोप्लॅनॉर्बिस आणि टोकदार, पातळ शंखाची लिम्निया. दोन्ही उभयलिंगी. इंडोप्लॅनॉर्बिसला तर जोडीदार नसला तरी चालतो, एकटीच पिढी वाढवू शकते. त्यामुळे समूळ नायनाटाचा हट्ट धरण्यात मला अर्थ वाटत नाही.

त्यांची संख्या ठरते ती अन्नावर. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं आपण म्हणतो. विज्ञानातलं 'गॅस्ट्रोपोडा' हे नावही ग्रीकमधून नेमकं तेच सांगतं, पोट आणि पाय. पण तळ्यासाठी महत्त्वाची आहे ती त्यांची जीभ. बारीक दातांच्या रांगा असलेली ही पट्टी कानशीसारखी चालते आणि शेवाळ, कुजकं पान, माशांचं उरलेलं खाद्य खरवडून काढते. म्हणजे गोगलगाई अचानक वाढल्या तर तळ्यात अन्न जास्त झालंय, एवढंच समजायचं. मासे दोन-चार मिनिटांत संपवतील इतकंच खाद्य टाका. पिवळी पडलेली पानं देठासकट काढा. कमळाची पानं पसरून सावली झाली की शेवाळही आवरतं. महिन्याभरात फरक दिसू लागतो.

तोवर हातानं वेचा. संध्याकाळी काकडीची चकती किंवा कोबीचं पान पाण्यात सोडा आणि सकाळी उचला, चिकटलेल्या गोगलगाई आयत्या हाती येतात. त्या ओढ्यात किंवा विहिरीत मात्र नेऊन सोडू नका, बागेच्या मातीत पुरा. नवं रोप आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा आणि पानांखालचे गोळे पुसून टाका.

कमळाच्या ताज्या पानाला भोकं पडली तर या दोघींवर लगेच आळ घेऊ नका. काही पतंगांच्या अळ्या पाण्यावरच्या पानाचे तुकडे कापून त्यांची घरटी करून राहतात. पान पाण्यावर उलटं धरलंत तर त्या सापडतील. दुसरी शक्यता पायला या मोठ्या, लिंबाएवढ्या गोगलगाईची. ती हिरवं पान खाते आणि अंडी पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत घालते, तेव्हा शोध तिथे घ्या. तिला कल्लाही आहे आणि फुप्फुसही, म्हणून तळं आटलं तर चिखलात गाडून घेऊन ती पावसाची वाट पाहते. मुग्धबलाक पक्ष्याचं हे आवडतं खाणं. अर्थात तो परसात येईल याच्या भरवशावर राहता येत नाही.

हात घालताना हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. शिस्टोसोमा या कृमीच्या अळ्या गोगलगाईतून पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1952 मध्ये माणसांमधल्या अशा आजाराची नोंद झाली. त्यामागे फेरिसिया नावाची, काही मिलिमीटरची टोपीसारखी गोगलगाय असल्याचं पुढे दिसलं. घरच्या बंदिस्त तळ्यात ही भीती फारच थोडी. गोठा जवळ असेल तर मात्र एक पथ्य पाळाच. लिम्नियातून बाहेर पडलेल्या यकृतकृमीच्या अळ्या पाणवनस्पतींवर चिकटून बसतात, म्हणून तळ्यातून काढलेलं गवत आणि पाला गुरांपुढे टाकू नका.