गुरं गोठ्यात येतात ती थंडीला भिऊन नव्हे

‘विलायतेत डोंगरावरची गुरं थंडीनं मरतात, म्हणून हिवाळाभर गोठ्यात ठेवतात.’ आरेच्या तबेल्यातलं दूध घेणाऱ्या आमच्या गोरेगावच्या सोसायटीत हे दर डिसेंबरला फिरतं.

थंडी हे मुख्य कारणच नाही. गाईच्या पोटात चारा आंबताना सतत ऊब तयार होते. केस दाट आणि कोरडे असले, तर ती शून्याखालचं तापमानही सोसते. भिजली की मात्र 10-15 अंशांतही कुडकुडते. वेल्स-स्कॉटलंडच्या डोंगरांत हिवाळा म्हणजे पाऊस, वारा, चिखल. माती 5-6 अंशांखाली गेली की गवत जवळपास वाढत नाही, आणि ओल्या जमिनीत रुतणारे खूर उन्हाळ्यातलं कुरणही तुडवून टाकतात. म्हणजे गोठा जितका गाईसाठी, तितकाच जमिनीसाठी. शिवाय वैरण समोर देता येते, गाभण गाईवर नजर राहते.

‘तबेला ताडपत्रीनं गच्च बांधा’ हा पुढचा सल्ला तर उलटा. कोंडलेल्या गोठ्यात मुताचा वास डोळ्यांना झोंबतो, तो अमोनिया. छताला दव धरतं, वासरांना न्यूमोनिया गाठतो. म्हशीचे केस विरळ, तेव्हा रात्री वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवाच. वरची फट मात्र उघडी ठेवा.