पडून राहिलेली गाडी: गंजाचा माग कसा काढावा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे जुन्या वाड्याच्या मागच्या दारी, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात किंवा मळ्यातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर अजूनही आढळते. ‘इंजिन मस्त शे भाऊ, फक्त बॅटरी टाका’ असे विकणारा सांगतो आणि घेणाराही आधी बॉनेटच उघडतो. माझ्या मते नजर पहिल्यांदा तिथे जाऊच नये. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, त्याच्या रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह बदलता येतात. या दोन्ही गाड्यांना मात्र ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. साधारण एक मिलिमीटर जाडीचा तो पत्रा आतून खाल्ला गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर उघड्या पत्र्यावर गंजाची गती फारच मंदावते. खानदेशात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा बहुतांशी कोरडी असते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे इथल्या गाडीचे टप आणि बॉनेट कोकणातल्या गाडीपेक्षा पुष्कळ चांगले दिसतात. फसगत होते ती इथेच. तापीकाठच्या काळ्या मातीतील चिकणखनिजे आपल्या थरांमध्ये पाणी धरून फुगतात, आणि मडगार्डच्या आत थापलेला असा चिखल वरून वाळला तरी पत्र्याला टेकलेल्या बाजूने बराच काळ दमट राहतो. चिखलाच्या कडेला हवा भरपूर आणि पोटात कमी, या फरकामुळे एकाच पत्र्यावर एक छोटा विद्युतघट तयार होतो. ऑक्सिजन कमी असलेल्या, म्हणजे नेमक्या झाकलेल्या भागातील लोखंड त्यात विरघळत जाते. म्हणून मडगार्डच्या आतला चिखल खरवडून काढल्याशिवाय पत्र्याबद्दल कोणतेही मत बनवू नये.

तपासणीत सर्वाधिक वेळ दारांखालच्या पोकळ पेटीला, म्हणजे सिलला द्यावा. दाराच्या काचेवरून उतरलेले पाणी दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडणे अपेक्षित असते. ती भोके धुळीने बुजली की पाणी दारातच साचते आणि दाराचा तळ आतून कुजतो. सिलच्या पोकळीत शिरलेल्या पाण्याचेही तेच होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते, त्यामुळे स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की सांधा फुगतो आणि रंगाखाली फोड येतात. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून आणि मडगार्डच्या कडांवरून सावकाश फिरवावे. जिथे त्याची पकड अचानक ढिली होते, तिथे वरच्या रंगाखाली पत्र्याऐवजी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवण्याच्या पुट्टीचा, जाड थर आहे असे समजावे. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले तरी शाबूत पत्रा खणकतो आणि लांबी भरलेली जागा बद्द वाजते. खालच्या बाजूला नुकताच मारलेला काळाभोर डांबरी रंग पाहून समाधान वाटण्याऐवजी शंका यावी.

यानंतर रबरी चटया आणि त्याखालची अस्तरे उचलावीत. पेडलांच्या पुढचा कोपरा, मागच्या सीटखालची खोलगट जागा आणि डिकीतील स्टेपनीचा खड्डा या तिन्ही ठिकाणी पुढच्या किंवा मागच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून झिरपलेले पाणी येऊन थांबते. तिथला पत्रा मालकाच्या परवानगीने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. पापुद्रे सुटले पण टोक आत गेले नाही, तर तो वरवरचा गंज आहे. गाडी जॅकवर उचलण्यापूर्वी आणि उचलल्यानंतर दाराभोवतीची फट पाहावी. ती बदलली किंवा दार अडकू लागले, तर सांगाड्याची ताकद गेलेली आहे.

गाडी कशाच्या शेजारी उभी होती, हे विचारायला सहसा कोणाला सुचत नाही. रासायनिक खतांच्या गोण्या शेजारी असतील, तर खतातील क्षार हवेतील ओलावा खेचतात आणि पत्र्यावर बसलेली त्यांची धूळ कमी आर्द्रतेतही तो ओला ठेवते. गाडी गोठ्यात असेल तर प्रश्न वेगळा आहे. गोमूत्रातील युरियापासून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया ताणाखालच्या पितळेला तडे पाडतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजांची हिंदुस्थानातील पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती तबेल्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया हे त्यामागचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचेच असल्यामुळे गोठ्यातल्या गाडीचा रेडिएटर पाणी भरून, दाब देऊन तपासणे शहाणपणाचे ठरते.

आता इंजिन. ते चालू करून दाखवण्याचा आग्रह धरू नये, आणि मालकाने धरला तर त्याला थांबवावे. चार सिलिंडरांचे इंजिन कुठेही थांबले तरी त्यातील काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, त्यांतून दमट हवा आत जाते आणि त्या सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगांलगत गंज धरतो. अशा वेळी स्टार्टर मारला किंवा गाडीला धक्का दिला, तर रिंगा तुटतात आणि जो गंज कदाचित साफ झाला असता त्याची कायमची ओरखडी होते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवर पाना लावून हाताने फिरवावे. ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड बसते. या दोन धातूंमध्ये वर्षानुवर्षे साधे पाणी राहिले तर अ‍ॅल्युमिनियम झिजते, आणि हेड गॅस्केटजवळच्या, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीजवळच्या, पाण्याच्या वाटा कुरतडल्या गेलेल्या आढळतात.

इंजिन मोकळे फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

रबर आणि द्रवपदार्थ यांच्याबद्दल घासाघीस करण्यात अर्थ नाही. ते सगळे बदलायचेच असे धरून चालावे. नक्षी शाबूत असलेला टायरही ओझोन आणि उन्हाने तडकलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते: डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर मात्र तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. टाकीतील जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या तशाही योग्य नाहीत.

कागदपत्रांचे काम खरे तर घरातून निघण्यापूर्वीच सुरू करावे. एमएच १८, १९ किंवा ३९, पासिंग कुठलेही असो, गाडीपाशी गेल्यावर चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा आरसी बुकातील नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहावा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावे लागतात. त्यामुळे १९६४ पासूनच्या फियाट डिलाइटमध्ये (पद्मिनीच्या आधीच्या रूपात) नंतर कोणी दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले असेल, तर ती रस्त्यावर कितीही चांगली चालली तरी या नोंदणीसाठी अडचणीची ठरते, आणि किंमत ठरवताना तेवढी रक्कम आधीच वजा करावी.