हार्टलीचे २०४ जण कशाने मेले?

१६ जानेवारी १८६२. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलँडमधल्या न्यू हार्टली गावची कोळशाची खाण. सकाळचे साडेदहा वाजलेले, पाळी बदलायची वेळ. रात्रीपासून राबलेले लोक वर यायचे होते आणि त्यांच्या जागी आलेले खाली पोचले होते. म्हणजे नेमक्या त्या घटकेला दोन्ही पाळ्या जमिनीखाली होत्या.

या खाणीत पाण्याचा उपद्रव फार. पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनाची बिडाची तुळई ४२ टनांची होती. ती मधोमध मोडली आणि तिचा अर्धा भाग थेट विहिरीत, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या भुयारात, कोसळला. वर येणाऱ्या पाळण्यातले काही जण जागीच गेले. विहिरीच्या भिंतीचे लाकडी अस्तर, वासे, दगड असा सगळा ढिगारा मध्येच अडकून बसला. खाणीत उतरायला आणि चढायला तेवढी एकच वाट होती.

खाली अडकलेल्यांच्या अंगावर काहीच पडलं नव्हतं. पाणी चढू लागलं तसे ते वरच्या थरात सरकले. स्फोट झाला नाही, आणि उपासमारीने मरायला अजून बरेच दिवस होते. तरीही सहा दिवसांनी बचाव पथक पोचलं तेव्हा एकही जण जिवंत नव्हता. बापाला टेकून पोरगा, भावाशेजारी भाऊ, झोपल्यासारखे. त्यांत दहा-बारा वर्षांची मुलंही होती. १८६० च्या कायद्यानेही लिहिता-वाचता येणाऱ्या किंवा शाळेत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला खाणीत उतरवायला मुभा होती.

एमॉस नावाच्या मुकादमाच्या वहीत एक नोंद सापडली: शुक्रवारी दुपारी प्रार्थना झाली, आणि अमुक अमुक माणसं फार आजारी पडली. शुक्रवार म्हणजे अपघाताचा दुसराच दिवस.

खाणीत हवा खेळती राहावी म्हणून त्या काळी खाली भट्टी पेटती ठेवत. तापलेली हवा वर चढे, तिच्या ओढीने ताजी हवा आत येई. हार्टलीत या दोन्ही वाटा त्याच विहिरीत होत्या, मध्ये फक्त लाकडी पडदा. विहीर बुजली, हवा थांबली, पण भट्टी धुमसत राहिली. प्राणवायू पुरेसा नसला की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुधा हाच वायू असतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मुख्य म्हणजे गुदमरल्यासारखंही वाटत नाही. आधी डोकं जड होतं, मग पायांतलं बळ जातं. पळायला हवं हे कळेपर्यंत पळता येत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी रक्तावरचा हा परिणाम हार्टलीच्या काही वर्षं आधीच फ्रान्समध्ये अभ्यासला होता. पण खाणींतल्या मृत्यूंचा नीट छडा लावला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, १८९६ साली. स्फोटांत मेलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव भडक्याने नव्हे, तर नंतर पसरणाऱ्या या वायूने घेतला, असं त्यांना आढळलं. मृतांची त्वचा गुलाबी होती, कारण मोनॉक्साइड बसलेलं रक्त लालभडक दिसतं. त्याआधी तर हाल्डेन स्वतःच तो वायू हुंगत बसले होते आणि आपल्याला काय काय होतंय ते टिपत गेले होते!

खाणकामगाराचा भरवसा होता दिव्यावर. प्राणवायू घटला की ज्योत मंदावते, विझते. पण हवेत मोनॉक्साइड पाव टक्का असला तर दिवा खुशाल जळत राहतो. माणूस मात्र तास-दोन तासांत संपू शकतो. म्हणून हाल्डेन यांनी उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यायला सांगितलं. इवल्याशा जिवाचा श्वासोच्छ्वास जलद, त्यामुळे तो माणसाच्या बराच आधी कोसळतो.

अर्थात हार्टलीत पिंजरा असता तरी निघायचं कुठून? दुसरी विहीर खणायला पैसा लागतो, म्हणून एकीलाच पडदा लावून काम भागवायचं, ही तिकडची रूढ पद्धत होती. मला तरी खरं कारण हेच वाटतं. चौकशीत पंचांनी ‘अपघाती मृत्यू’ असा निर्वाळा दिला. मात्र प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी, आणि इंजिनाच्या तुळया ठिसूळ बिडाऐवजी घडीव लोखंडाच्या असाव्यात, असंही त्यांनी सुचवलं. दोन वाटांचा कायदा संसदेने त्याच वर्षी केला.