‘फोर्टे’ म्हणजे नेमके किती डेसिबल?

पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वरांखाली लिहिलेले ‘पी’ म्हणजे पियानो, अर्थात हळू, आणि ‘एफ’ म्हणजे फोर्टे, अर्थात जोरात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु या अक्षरांपुढे डेसिबलचे ठरावीक आकडे मांडणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरतात, ते निव्वळ थोतांड आहेत. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराने १५९७ साली छापलेल्या रचनेत ही चिन्हे घातली, तेव्हा डेसिबल हे एककच अस्तित्वात नव्हते.

मुळात ही चिन्हे केवळ नादाच्या लहानमोठेपणाची नाहीत, ती नादाच्या जातीचीही आहेत. रेडिओचा आवाज कितीही बारीक केला तरी त्यावरचा ट्रम्पेट जोरात फुंकलेला आहे हे कानाला कळतेच, आणि कुजबुज कर्ण्यावरून ऐकवली तरी ती कुजबुजच राहते.

असे का होते, याचे उत्तर पियानो या वाद्याच्या तारेवर आपटणाऱ्या हातोडीत सापडते. हातोडीवर लोकरीचा दाबून बसवलेला थर असतो आणि तो जितका दबेल तितका अधिकाधिक कडक होत जातो. पट्टी हलके दाबली की हा मऊ थर तारेला क्षणभर, म्हणजे सेकंदाचे काही सहस्रांश, चिकटून राहतो, आणि ज्या कंपनांचा आवर्तनकाळ या स्पर्शकाळाहून लहान असतो, त्यांना तो उमटू देत नाही. जोराने आघात केल्यास थर कडक होतो, हातोडी लवकर उसळते, आणि मूळ वारंवारतेच्या अनेक पटींतले वरचे उपस्वर मोकळे सुटतात. म्हणून स्वर नुसता मोठा न होता लखलखीत होतो. ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यात हेच वेगळ्या वाटेने घडते: फार जोरात फुंकल्यास नळीतल्या ध्वनिलहरीचा चढ उभा होत जाऊन चक्क आघात-तरंग (शॉक वेव्ह) तयार होतो.

शिवाय सर्व वाद्यांचा आवाका सारखा नसतो. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने १८९३ च्या सहाव्या सिंफनीत ‘बसून’ (bassoon) या खर्जातल्या फुंकवाद्याच्या चार स्वरांसाठी सलग सहा ‘पी’, म्हणजे अगदी जेमतेम ऐकू येईल इतके हळू, लिहिले आहेत. बसूनचे खालचे स्वर तितके हळू निघणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे अनेक वाद्यवृंद-संचालक ते चार स्वर बास क्लॅरिनेट या दुसऱ्या फुंकवाद्याकडे सोपवतात. आणि ते विरतात न विरतात तोच संपूर्ण वाद्यवृंद फोर्टिसिमोत, म्हणजे अतिशय जोरात, कोसळतो.