बस वाढवली की सगळा कॉम्प्युटर पळतो?

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा, विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: मल्टिप्लायर सोडा, बसची (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) फ्रिक्वेन्सी वाढवा, खरा वेग तिथे आहे. बसची फ्रिक्वेन्सी गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग. इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात यात तथ्य होतं. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर तेव्हा मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज या वेगळ्या चिपमध्ये असायचा आणि रॅमची सगळी ये-जा याच बसवरून, म्हणजे फ्रंट साइड बसवरून व्हायची. त्यामुळे ३३३ (मेगाहर्ट्झची बस) × ९ (मल्टिप्लायर) पेक्षा ३७५ × ८ सरस. प्रोसेसर दोन्हीकडे ३ गिगाहर्ट्झच, पण बस जास्त वेगवान. (प्रोसेसरच्या खोक्यावर बसचा वेग म्हणून लिहिलेले १३३३ म्हणजे मुळात ३३३च, एका क्लॉकमध्ये डेटा चारदा जातो, इतकंच.)

पण इंटेलच्या २००८ च्या नेहालेम पिढीपासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आला, त्यामुळे रॅमसाठी ती बस उरलीच नाही. एएमडीने तर हे २००३ मध्येच केलं होतं. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत बसच्या जागी आलेला १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारख्या कार्डांची जोडणी) आणि साटालाही (डिस्कची जोडणी) बांधलेला आहे. तो १०७ वर नेलात तर प्रोसेसर कदाचित तग धरेल, पण डिस्क मध्येच गायब होईल किंवा फाइली खराब होतील, आणि खापर फुटेल बिचाऱ्या डिस्कवर. रॅमचा वेग तर बेस क्लॉकला हात न लावता, तिच्या वेगळ्या गुणोत्तरानेही वाढवता येतो.

२०१५ च्या स्कायलेक पिढीत पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक वेगळा झाला, म्हणून तिथे बेस क्लॉकला पुन्हा वाव आहे. तरी मल्टिप्लायर अनलॉक (बदलता येण्याजोगा) असेल तर मी तरी बेस क्लॉक १०० वरच ठेवतो.