प्रोबायोटिक अन्न आणि वार्धक्यातील आतड्यांचे आरोग्य

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेल्यास प्रकृतीला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजंतू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ही व्याख्या केली. घरच्या दह्यात कोणते जंतू किती आहेत हे कोणी मोजत नाही. त्यामुळे काटेकोरपणे त्याला आंबवलेले अन्न म्हणणेच बरे.

म्हातारपणाचा आतड्यांशी संबंध जोडला तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी. मोठ्या आतड्यातील कुजवणाऱ्या जंतूंच्या विषांनी शरीर लवकर झिजते व आंबट दूध त्यांना आवर घालते, असे त्यांचे मत होते. दाखला बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा. नियमित आंबट दूध पिणारे मेचनिकॉफ १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी वारले. सिद्धांत त्या रूपात टिकला नाही, पण प्रश्न योग्य होता.

उतारवयात आतड्यांची हालचाल मंदावते, बिफिडोबॅक्टेरियम या उपकारक मानल्या जाणाऱ्या गटातील जंतू बहुधा घटतात. दात गेले की भाज्या, कडधान्ये मागे पडतात. त्यात प्रतिजैविके आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांची भर. आयर्लंडमधील २०१२ च्या अभ्यासात, दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धांच्या आतड्यांतील जंतूंची विविधता घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. आहारातील फरकाशी तिचा जवळचा संबंध होता.

उपचार म्हणून पुरावा संमिश्र आहे. बद्धकोष्ठतेत काहींना थोडा आराम पडतो. मात्र प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी इंग्लंड-वेल्समधील ६५ वर्षांवरील सुमारे तीन हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१३) जंतूंच्या कॅप्सूलचा उपयोग दिसला नाही. जाहिरातींत हे अर्थातच येत नाही.

महाराष्ट्रात या अन्नाचे रोजचे रूप म्हणजे ताक. विरजताना दुधातील काही लॅक्टोज, म्हणजे अनेकांना न पचणारी दुधातली साखर, जंतूच संपवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक चालते. कढी उकळली, आंबोळी तव्यावर गेली की जंतू मरतात. आंबवण्याने आलेला हलकेपणा तेवढा उरतो. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी बोळक्या तोंडालाही खाता येते, आणि जंतूंबरोबर त्यांना लागणारे तंतूही (फायबर) पोटात जातात. रक्तदाब असल्यास मीठ बेताचे, हिंग-जिरेपूड पुरते. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या किंवा अतिदक्षता विभागातील रुग्णांत असे जंतू क्वचित रक्तात शिरतात. अशा रुग्णांना जंतूंच्या कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.