पॅट समिट: महिना अडीचशे डॉलर, गणवेश धुण्यासकट

पॅट समिटचं नाव निघालं की आकडे आधी येतात. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक म्हणून ३८ हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. आकडे खरेच आहेत, पण ते नुसते वाचले की वाटतं, कुणीतरी तयार गाडीत बसलं आणि ती जोरात पळवली. ती रुजू झाली तेव्हा गाडीच नव्हती. एक व्हॅन तेवढी होती, आणि सामन्यांना जाताना तीही तिलाच चालवावी लागे.

साल १९७४. पुढचं शिक्षण घेता घेता संघाला मदत करायची, एवढ्याच बोलीवर पॅट हेड (समिट हे नंतरचं, सासरचं आडनाव) विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिलला आली होती. तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि अख्खा संघ तिच्या गळ्यात पडला. वय २२, प्रशिक्षक म्हणून एकाही सामन्याचा अनुभव नाही, आणि संघातल्या काही मुली जेमतेम वर्षभराने लहान. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. खेळाडूंचे गणवेश धुणं हेही तिचंच काम. ते गणवेशसुद्धा डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. डिसेंबरात मर्सर विद्यापीठाविरुद्धचा पहिला सामना ती ८३-८४ असा हरली. बघायला ५३ माणसं होती.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मूळ कलमात खेळ हा शब्दही नाही. तरी त्याचा सगळ्यात मोठा हादरा बसला तो मैदानांनाच, कारण भेद सगळ्यात उघडा तिथेच होता. पॅटच्या घरचंच बघा. टेनेसीतलं शेतकरी कुटुंब, तीन थोरले भाऊ, आणि गवताच्या माळ्यावर लावलेली बास्केट. बापाने मुलीच्या खेळापायी क्लार्क्सव्हिल सोडून शेजारच्या हेन्रिएटाला बिऱ्हाड हलवलं, कारण आधीच्या गावच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. कॉलेजची वेळ आली तेव्हा भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. हिची फी मात्र घरून भरावी लागली. मुलींसाठी शिष्यवृत्ती नव्हतीच.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचा गुडघा दुखावला. आता खेळणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी त्यांना ठणकावलं, गुडघा नीट करा, पोरीला ऑलिम्पिकला जायचंय. ती गेलीही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं, अमेरिकेला रौप्यपदक मिळालं आणि ती संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक होती. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं ती नोकरी, अभ्यास आणि स्वतःचा सराव असं तिन्ही एकदम रेटत होती. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाची प्रशिक्षक तीच होती.

या कहाणीतली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्या काळातल्या टेनेसीतल्या शाळांचा खेळ. तिथे मुली सहा-सहाच्या संघाने खेळत. तिघी पुढच्या, तिघी मागच्या, आणि मैदानाच्या मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. मागे उभी राहणारी मुलगी शाळेची सगळी वर्षं फक्त बचाव करायची. बास्केटवर चेंडू टाकायची संधी तिला मिळतच नसे. पूर्ण मैदान धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, हा यामागचा जुना समज. (याच मुली घरी शेतात दिवसभर राबत, त्याचं काय, हे कुणी विचारत नव्हतं.) कॉलेजात मात्र पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ. मग बचाव सोडून काहीच न येणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती कोण देणार? १९७६ मध्ये एका शाळकरी खेळाडूने थेट कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टात ती जिंकली, पुढच्या वर्षी अपिलात हरली. तरी १९७९ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडासंघटनेने स्वतःच नियम बदलला. समिटने हा बदल व्हावा म्हणून आपलं वजन उघडपणे टाकलं होतं. मला विचाराल तर आठांतली दोन-तीन विजेतेपदं गेली असती तरी चाललं असतं, पण हे व्हायलाच हवं होतं.

विजेतेपदांची वाटही काही सरळ नव्हती. महिला कॉलेज खेळांचा कारभार आधी एक वेगळी, महिलांनीच चालवलेली संघटना बघायची. १९८२ पासून पुरुषांच्या खेळांची बडी संघटना, एनसीएए, महिलांचीही राष्ट्रीय स्पर्धा भरवू लागली आणि जुनी संघटना मोडीत निघाली. टेनेसी शेवटच्या चारांत वारंवार जायची आणि रिकाम्या हाती परतायची. पहिलं विजेतेपद आलं ते १९८७ मध्ये, ऑस्टिनला लुइझियाना टेकचा ६७-४४ असा धुव्वा उडवून. म्हणजे नोकरीचं तेरावं वर्ष. आजच्या अधीर विद्यापीठांनी एवढी वाट बघितली असती का, शंकाच आहे.

तिच्या जिद्दीचा एक किस्सा अमेरिकेत अजून रंगवून सांगतात. सप्टेंबर १९९० मध्ये, दिवस भरत आलेले असताना, ती मिशेल मार्सिनियाक नावाच्या शाळकरी खेळाडूला आपल्याकडे वळवायला पेनसिल्वेनियाला गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरू का? बाईंनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढलं होतं, तेव्हा मूल तिथे जन्माला येणं शक्यच नाही! मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला. मिशेल मात्र आधी नोटर डेम विद्यापीठात गेली, मग कंटाळून टेनेसीला आली, आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

१९९६, १९९७, १९९८ अशी सलग तीन विजेतेपदं आली. त्यातलं मधलं मला सर्वांत आवडतं, कारण त्या हंगामात संघ तब्बल दहा सामने हरला होता. पुढच्या वर्षी शमिक होल्ड्सक्लॉ आणि नवखी टमिका कॅचिंग्ज यांच्या संघाने ३९ पैकी ३९ जिंकले. त्यानंतरची दोन विजेतेपदं, २००७ आणि २००८ ची, कँडिस पार्कर या खेळाडूच्या काळातली.

शिस्त कडक. निळ्या डोळ्यांच्या जळजळीत नजरेला मुली टरकून असत. वर्गात बसायचं ते पहिल्या तीन ओळींतच, आणि विनाकारण तास बुडवला तर खेळणं बंद. तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली.

टायटल नाइनचा एक उलटा परिणामही झाला. १९७२ च्या सुमारास कॉलेजांच्या महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या. पगार वाढले तसे पुरुष या नोकऱ्यांकडे वळले आणि पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. डोनटच्या पैशांवर संघ चालत होते तोवर या जागा कुणाला नको होत्या. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाचा प्रशिक्षक जीनो ऑरिएमा हा समिटचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. १९९५ पासून चार वेळा त्याने तिला अंतिम सामन्यात हरवलं. २००७ नंतर तिने कनेटिकटशी होणारा वार्षिक सामनाच बंद करून टाकला. या बाबतीत ती जरा कोती वागली, असं मला वाटतं. महिला बास्केटबॉलला टीव्हीवर सर्वाधिक प्रेक्षक मिळवून देणाऱ्या लढतींतली ती एक होती.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, तिने आपल्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि तरीही आणखी एक हंगाम ती प्रशिक्षकाच्या बाकावर बसली. एप्रिल २०१२ मध्ये जुनी खेळाडू आणि सहायक हॉली वॉर्लिककडे सूत्रं गेली. त्याच वर्षी ओबामांनी तिला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २८ जून २०१६ ला ती गेली.

टेनेसीने महिलांच्या खेळांचा विभाग कित्येक वर्षं स्वतंत्र ठेवला होता. तो पुरुषांच्या विभागात विलीन झाला तोही २०१२ च्याच सुमारास. १०९८ चा आकडा डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची प्रशिक्षक टारा व्हॅनडरव्हीर हिने मागे टाकला, आणि २०२४ मध्ये तिचाही विक्रम ऑरिएमाने मोडला. समिटच्या २००८ च्या विजेतेपदानंतर २०२५ पर्यंत टेनेसी एकदाही शेवटच्या चारांत पोहोचलेली नाही.